कुरोसेबाईंचा डबा

पेंडूरकरांच्या घरात कुठलाही निर्णय सरळ रस्त्याने कधी आलाच नाही. थोरले आबा मुंबईला आले ते हरवलेला बैल शोधता शोधता वेंगुर्ल्याच्या बंदरावर पोचले आणि तिथे बोट सुटायच्या बेतात होती म्हणून. अण्णांचं लग्न वनमालाशी झालं ते तिच्या थोरल्या बहिणीला ऐन वेळी गोवर निघाला म्हणून. तेव्हा त्यांच्या मुलीने, उत्तराने, वर्षभर जपानला जावं की नाही, हे घाटकोपरच्या पंतनगरातल्या त्या दोन खोल्यांत चार माणसं बसून शांतपणे ठरवतील, अशी आशा वनमालाने मुळात धरलीच नव्हती. पण ते एका डब्यावरून ठरेल असंही तिला वाटलं नव्हतं.

उत्तराच्या जपानीची सुरुवातही अशीच झालेली. कॉलेजात एक परकी भाषा घ्यायची होती. फ्रेंचचा वर्ग सकाळी सातला, आणि घाटकोपरला नळाला पाणी येतं तेही सातलाच. पाणी भरायला घरात माणूस हवं, म्हणून फ्रेंच गेलं आणि दुपारचं जपानी आलं. पुढच्या दोन वर्षांत पोरगी गुडघ्यांवर बसून अभ्यास करायला लागली. कॉलेजच्या जिमखान्यात, कॅरमच्या पावडरीच्या वासात, चहा करायचा नि प्यायचा कसा याची म्हणे परीक्षा असायची. वनमालाला हे काही केल्या खरं वाटेना. चहाची परीक्षा घ्यायची तर सासूने घ्यावी, विद्यापीठाने कशाला?

गेल्या वर्षी वर्गाबरोबर पंधरवडाभर तिकडे जाऊन आल्यावर तर उत्तराने कहरच केला. दारात कुणाच्याही चपला दिसल्या की त्या उचलून, पुढची बाजू जिन्याकडे करून, जोडीने लावून ठेवायची. पाहुण्याला जाताना सोयीचं पडावं म्हणून तिकडे करतात तसं. शेवंतीवन्सं गोरेगावाहून चार दिवस राहायला आल्या होत्या, त्यांनी आपल्या चपला जिन्याकडे तोंड करून बसलेल्या पाहिल्या आणि त्याच पावली बॅग भरली. "माका जावक सांगतत ह्या घरात," असं म्हणत त्या तीन जिने उतरून गेल्या होत्या. समजूत काढायला गणपती यावा लागला.

आता प्रश्न पंधरवड्याचा नव्हता, वर्षाचा होता. वर्गातल्या एका मुलीला कानाझावा नावाच्या गावात विद्यापीठात शिकायला धाडणार होते, राहणं-जेवण त्यांच्याकडे, आणि जपानी शिकवणाऱ्या कुरोसेबाईंनी उत्तराचं नाव सुचवलं होतं. सोमवारी ते कळवायचं होतं. म्हणून रविवारी दुपारी बाई स्वतः घरी येणार होत्या. शिक्षकाने शिष्याच्या घरी जाऊन वडीलधाऱ्यांशी बोलायचं, ही त्यांची पद्धत.

अण्णा हो म्हणत नव्हते आणि नाही म्हणत नव्हते. गिरणी बंद पडल्यापासून त्यांनी तिसराच मार्ग काढला होता. नको असलेला विषय निघाला की त्यांना ऐकू येईनासं व्हायचं. संप मोडला, भोंगा बंद झाला, तीस वर्षांचे सोबती कुणी गावी गेले, कुणी वॉचमन झाले. आता पोरगीही जाणार म्हटल्यावर माणूस घाबरला होता, हे वनमालाला कळत होतं. ते स्वतःहून बोलणार नाहीत हेही कळत होतं.

बाकी घरात दोन पक्ष पडले होते. अण्णांचा धाकटा भाऊ चंद्रप्रकाश मुलुंडहून आला तो जपानच्या बाजूने, कारण त्याला व्हीसीआर हवा होता. येताना त्याने आपला टू-इन-वन रेडिओ-टेपही काखोटीला मारून आणला होता. अस्सल जपानी माल. तो कुरोसेबाईंना दाखवून त्यांची मान उंचावायची, असा त्याचा विचार. शेवंतीवन्सं अर्थातच विरुद्ध बाजूला. पोर गेली की तिथलीच होणार, हे त्यांनी पंचांग न बघताच सांगून टाकलं होतं.

आणि वनमाला? तिला कुणी पक्ष विचारलाच नव्हता. ती सकाळपासून रव्याचे लाडू वळत होती.

*

कुरोसेबाई अगदी ठरल्या वेळी आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, करड्या केसांच्या, सुती फ्रॉकवर कॉलेजच्या प्राध्यापिका बाळगतात तशी मोठी पर्स. दारातच त्या कमरेत अशा वाकल्या की चंद्रप्रकाशला वाटलं त्यांचं काही खाली पडलं, आणि तोही शोधायला वाकला. मग दोघांची डोकी उंबरठ्यावर जवळजवळ आपटलीच.

आत चटईवर बसल्यावर बाईंनी रेशमी रुमालात बांधलेला एक काळा चकचकीत लाकडी डबा दोन्ही हातांनी पुढे सरकवला आणि जपानीत काहीतरी पुटपुटल्या.

"सेन्सेई, म्हणजे बाई, म्हणतात," उत्तराने सांगितलं, "ही अगदीच टाकाऊ वस्तू आहे, पण कृपा करून ठेवून घ्या."

"मगे आणल्यान कित्याक?" शेवंतीवन्संनी विचारलं.

"आत्या! तशी म्हणायची पद्धत असते. आपण नाही का म्हणत, मीठ-भाकरी गोड मानून घ्या?"

"आमी म्हणतंव तेव्हा पानात पापलेट असता."

वनमालाने डबा स्वयंपाकघरात नेला. आत लाल घेवड्याच्या गोड पुरणाचे गुलाबी गोळे होते, एकेक कागदाच्या द्रोणात ठेवलेला. ते तिने स्टीलच्या ताटात काढले, डबा धुतला, पुसला, आणि मुळीच विचार न करता त्यात लाडू भरायला लागली. हे तिचे हात आपोआप करत. पंतनगरात आल्यापासून शेजारून आलेली एकही वाटी तिने रिकामी परत दिली नव्हती. काही नसलंच घरात तर चिमूटभर साखर घालून द्यायची, पण भांडं रिकामं द्यायचं नाही. रिकामं भांडं परत करणं म्हणजे संबंध पुरा झाला असं सांगणं, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं आणि तिच्या आईला तिच्या आईने.

"आई," उत्तरा मागे येऊन उभी राहिली. "तू काय करतेयस?"

"दिसत नाही? डबा भरतेय."

"आता नको देऊ ना. नंतर दे. आठवड्याने दे, महिन्याने दे."

"का? बाई आत्ता बसल्यात, डबा आत्ता धुतलाय."

"आई, तुला कसं सांगू? त्यांच्यात काही मिळालं की परत द्यावंच लागतं. त्यावर आम्हाला कल्चरच्या पेपरात दहा मार्कांचा प्रश्न होता."

"आपल्यातही द्यावंच लागतं. आपल्याला कोण मार्क देत नाही इतकंच."

"पण मग थांबणार कोण?"

वनमालाला हा प्रश्न तेव्हा फार महत्त्वाचा वाटला नाही. तिने डब्यात लाडू नीट रचले, वर एक बेदाणा अधिक टोचला आणि डबा बाहेर नेऊन बाईंच्या पुढ्यात ठेवला.

कुरोसेबाईंनी झाकण उघडून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. पाहुणा जेवायला बसावा आणि त्याला आठवावं की आपण यजमानांच्या मुलाच्या लग्नाला गेलोच नव्हतो, तसा पडला. त्यांनी घाईघाईने पर्स उघडली आणि आतून एक घडीचा पंखा काढून दोन्ही हातांनी वनमालाला दिला. निळ्या कागदावर पांढरे बगळे होते.

"अय्या, कशाला उगाच," वनमाला म्हणाली.

"घे गो," शेवंतीवन्संनी फर्मावलं. "पण तेंका आता नुसत्याच पाठवची नाय हां. पयल्यांदा घराक इल्यानी. खण-नारळ काढ."

"वन्सं, त्यांचं लग्न नाही झालेलं. ओटी कशी भरायची?"

"ओटी नको भरू. हातात दी. नारळाक काय कळता लगीन झाला काय नाय ता?"

खण-नारळ आला. कुरोसेबाईंनी नारळ कपाळाला लावला, उत्तराने शिकवलं असावं, आणि पुन्हा पर्स उघडली. एक घडीची छत्री निघाली. ती शेवंतीवन्संना मिळाली. बटण दाबलं की आपोआप उघडणारी छत्री पेंडूरकरांच्या खानदानात आजवर आली नव्हती. वन्संनी ती घरातच उघडली, मिटली, परत उघडली, आणि घरात छत्री उघडू नये हे स्वतःच साऱ्यांना बजावून पुन्हा मिटली.

तिथे विरोधी पक्ष फुटला. "बाय तशी वाईट दिसणा नाय," वन्सं वनमालाच्या कानात म्हणाल्या.

*

पुढच्या तासात जपानचं नाव कुणी काढलं नाही. काढायला सवडच झाली नाही.

छत्रीच्या बदल्यात अण्णांनी गावचे उकडे तांदूळ काढून दिले, पिशवीभर. अण्णा आपण होऊन उठले हे बघून वनमालाला नवल वाटलं. तांदळाच्या बदल्यात बाईंनी अण्णांना आपलं फाउंटन पेन दिलं. पेनाच्या बदल्यात सोलांची बरणी गेली. बरणीच्या बदल्यात बाईंनी डबा ज्यात बांधून आणला होता तो रेशमी रुमालच दिला, आणि मग सगळं सामान कशात बांधून न्यायचं असा प्रश्न पडल्यावर वनमालाने एक बाजारची पिशवी दिली. त्या पिशवीबद्दल बाईंनी गळ्यातला स्कार्फ काढून दिला. कुणी कुणाला आग्रह करत नव्हतं. दोन्ही बाजू अत्यंत नम्र होत्या. दोन्ही बाजूंना घाम फुटला होता.

वनमाला दर फेरीला स्वयंपाकघरात जाई आणि फडताळासमोर उभी राही. काय द्यायचं? चकलीचा सोऱ्या? त्याच्या दांड्याला तडा गेला होता. कुकर? त्याची शिट्टी शेजारच्या कुंदाकडे होती, आणि शिट्टीशिवाय कुकर देणं म्हणजे न देण्याहून वाईट.

"आई, थांबव ना!" उत्तरा रडकुंडीला आली होती. "सेन्सेईंकडे आता पर्समध्ये नुसता रुमाल आणि घराच्या किल्ल्या उरल्यात."

"तू त्यांना सांग ना थांबायला."

"सांगितलं! त्या म्हणतात, आता थांबले तर तुझ्या वडिलांचा अपमान होईल आणि ते तुला पाठवणार नाहीत."

"आणि आपण थांबलो तर?"

"तर त्यांना वाटेल, तुम्हाला मला पाठवायचंच नाही."

"बघ! म्हणजे कुणीच थांबू शकत नाही," वनमाला म्हणाली. "पुस्तकात काहीतरी असेल की गं यावर?"

"पुस्तकात म्हटलंय, मिळालेल्या वस्तूच्या साधारण निम्म्या किमतीचं परत द्यावं. म्हणजे आपोआप कमी होत होत थांबतं. पण घरच्या लाडवाची किंमत काय धरायची ते पुस्तकात नाही. सेन्सेई गोंधळल्यात. म्हणून त्या प्रत्येक वेळी जास्तच धरतायत."

बाहेरून वन्संची हाक आली, आणि हाकेपाठोपाठ चंद्रप्रकाशची किंकाळी.

वन्संनी टू-इन-वन उचलून बाईंच्या मांडीवर ठेवला होता.

"अक्का, काय करतेस! माझा आहे तो!"

"गप ऱ्हव मेल्या. घराण्याची लाज जातासा."

"अगं, पण जपानची वस्तू जपानला कशाला? त्यांच्याकडे रद्दीवाल्याकडे मिळत असतील असले!"

"मगे बरोबर आसा. तेंची वस्तू तेंका पोचली."

कुरोसेबाई टू-इन-वनकडे पाहत होत्या. त्यावर त्यांच्याच देशातल्या कंपनीचं नाव होतं. ते त्यांनी बोट फिरवत हळूच वाचलं. मग त्यांनी उघड्या पर्समध्ये पाहिलं, आपल्या दोन्ही मनगटांकडे पाहिलं, आणि घड्याळाचा पट्टा सोडायला सुरुवात केली.

"नाही, नाही!" चंद्रप्रकाश ओरडला. "उत्तरा, सांग त्यांना, घड्याळ नको! टेप परत द्या म्हणावं, बास!"

"काका, दिलेली वस्तू परत मागायची? त्यांच्यात तर..."

"आपल्यात पण नाय मागीत," वन्सं म्हणाल्या.

"तुमची ना वाट लागली आहे सगळ्यांची! काही जायचं नाही उत्तराने जपानला. एका दुपारी हे घर धुऊन नेलं, वर्षभरात काय करतील?" आणि चंद्रप्रकाश बाल्कनीत जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. अशा रीतीने जपानचा घरातला सगळ्यात जुना मित्र विरोधकांना जाऊन मिळाला. त्याची रिकामी जागा वन्संनी भरली होती, हातात छत्री घेऊन.

घड्याळ अण्णांच्या पुढ्यात आलं. आणि आता घरात द्यायला खरोखर काही नव्हतं. वन्संची नजर खोलीभर फिरली. कपाट, देव्हारा, पंखा, गाद्यांचा ढीग. मग ती भिंतीवर थांबली. तिथे गिरणीतल्या सोबत्यांनी शेवटच्या दिवशी वर्गणी काढून अण्णांना दिलेलं लंबकाचं घड्याळ होतं. गिरणीकडून काहीच मिळालं नव्हतं. हे तेवढं मिळालं होतं.

"ता नाय," अण्णा म्हणाले.

"मगे काय देतलंस? तिच्या हातातला घड्याळ घेतलंस, आणि आता हात झाडून बसतलंस?"

"अक्का, ता नाय म्हणान सांगितलंय ना एकदा!"

अण्णा इतक्या मोठ्याने कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. बाल्कनीतला चंद्रप्रकाशही वळला. कुरोसेबाईंना काय चाललंय ते कळलं नाही, पण काहीतरी मोडायच्या बेतात आहे एवढं कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

अण्णा उठून उभे राहिले. त्यांनी एका हातात बाईंचं घड्याळ धरलं होतं. वनमालाने नवऱ्याचा चेहरा पाहिला. पत्त्यात हरत आलेला माणूस शेवटचं पान आपटतो तेव्हा असा दिसतो.

"बाईंका सांग," ते उत्तराला म्हणाले, "ह्येच्या बदल्यात माझा चेडू घेवन जावा. वर्षभर. माझ्याकडे ह्येच्यापरास मोठा काय नाय. आता ह्येच्यावर काय देतलात ता बघूया!"

वन्संनी टाळी वाजवली. "शाब्बास रे! आता काय देतली बाय? संपला!"

वर्षभराची परवानगी मिळाली होती. ज्याच्यासाठी पंधरा दिवस घरात श्वास कोंडला होता, ते मिळालं होतं. उत्तरा मात्र जागची हलली नाही.

"मी डबा नाही, अण्णा," ती म्हणाली.

"काय?"

"डब्यातले लाडू नाही मी. छत्रीच्या बदल्यात तांदूळ, घड्याळाच्या बदल्यात मी? मला जायचंय म्हणून पाठवा. बाईंवर बाजी मारायची म्हणून नको. नाहीतर नाही जात."

अण्णा मग खाली बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"माका येता काय दुसरा?" ते हळूच म्हणाले. "दिवस उगवलो की तुझो आवाज येता. पाणी भरतंस, ता जपानी बडबडतंस. वर्षभर ता नसतला. माका भय वाटता. ह्या असा सांगता येता काय कोणाक? म्हणान ह्या तऱ्हेन सांगितलंय. जा तू. तुका जावचा आसा, म्हणान जा."

उत्तराने डोळे पुसले. कुरोसेबाई विचारत होत्या, काय झालं म्हणून. तिने सांगितलं, बराच वेळ सांगत होती. बाई ऐकत होत्या. मग त्या अण्णांसमोर इतक्या खाली वाकल्या की त्यांचं कपाळ चटईला लागलं, आणि तशाच वाकलेल्या अवस्थेत एक वाक्य बोलल्या.

उत्तरा दचकली. "सेन्सेई?" तिने परत विचारलं. बाईंनी परत तेच सांगितलं.

"काय म्हणतात?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"म्हणतात... तुमच्या घरातून एक माणूस आमच्याकडे येणार, तर आमच्या घरातून एक माणूस तुमच्याकडे यायला पाहिजे." उत्तराने पुन्हा एकदा बाईंकडे पाहिलं. "त्या आपल्या वडिलांना पाठवणार."

"कुणाला?"

"वडिलांना. बहात्तरचे आहेत. कानाझावाला एकटेच असतात. बायको गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसतात. दोन वर्षं त्यांना इकडे आणायचं म्हणतायत, पण सेन्सेई दिवसभर कॉलेजात, चेंबूरच्या खोलीत म्हाताऱ्याजवळ बसणार कोण?"

"म्हातारो खाता काय?" वन्संनी विचारलं.

"भात आणि मासे."

"मगे आमचोच तो," वन्संनी निकाल दिला.

"अगं अक्का, तो जपानी म्हातारा इथं करणार काय?" चंद्रप्रकाश आत आला. "बोलणार कुणाशी?"

"तू बोल. तुझ्या टेपावर काय लिवलेला आसा ता इचार तेका."

"टेप आता माझा आहे कुठे!"

"बाईंचो बापूस हयसर येवन ऱ्हवतलो, मगे टेप पण तेच्याबरोबर हयसरच येतलो."

चंद्रप्रकाशने यावर विचार केला. विचार करताना त्याच्या चेहऱ्यावरचा विरोध हळूहळू विरत गेला, आणि थोड्या वेळाने तो पुन्हा जपानचा मित्र झाला.

अण्णांनी इतका वेळ काही विचारलं नव्हतं. आता ते पुढे सरकले. "म्हातारो काम काय करी?"

उत्तराने विचारलं. "विणकर. रेशमाच्या मागावर. कारखाना बंद झाला, माग भंगारात गेले."

"माग कसलो?" अण्णा म्हणाले. "विचार तेंका. हातमाग, काय पॉवरचो? धोटो लाकडाचो, काय कसलो? सूत तुटला की तेंच्यात गाठ कशी मारीत?"

उत्तराला यातले निम्मे शब्द जपानीत येत नव्हते. मग अण्णा हातांनी दाखवू लागले. कुरोसेबाई लहानपणी बापाच्या मागापाशी बसून वाढलेल्या, त्याही हातांनी दाखवू लागल्या. दोघांची बोटं हवेत एकच गाठ मारत होती. संप झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडून धोट्याचं नाव वनमालाने ऐकलं नव्हतं.

मग म्हाताऱ्याची खाट कुठे टाकायची यावर चर्चा सुरू झाली. उत्तराच्या जागी. त्याला तिखट चालेल का? घाटकोपरचं पाणी सोसेल का? सातला पाणी भरायला उभा राहील का? वन्सं म्हणाल्या, उभो ऱ्हवतलो, विणकर आसा, पयल्या पाळीचो माणूस. सगळे एकदम बोलत होते. येणाऱ्या म्हाताऱ्याने खोली भरून गेली होती.

वनमाला भिंतीला टेकून बसली होती. म्हणजे जाणार पोरगी. खरंच जाणार. हे आता फक्त तिलाच आठवत होतं.

"माँ?"

कुरोसेबाई तिच्यासमोर येऊन बसल्या होत्या. चेंबूरच्या भाजीवाल्यांकडून शिकलेल्या हिंदीत त्या म्हणाल्या, "सब को कुछ मिला. बाप को मिला, बुआ को मिला. माँ लड़की देता है. माँ को क्या दूँ?"

"मला मिळाला ना पंखा," वनमाला म्हणाली.

"पंखा लड्डू का था."

बाई थांबून होत्या. त्या उठणार नव्हत्या, हे वनमालाच्या लक्षात आलं. काही मागितल्याशिवाय सुटका नव्हती. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यापुढे बसून तिला काय पाहिजे असं विचारत होतं. माहेरच्या तळवड्याहून तिला या घरात आणलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. ती रमली, चांगली रमली, पण रमण्याशिवाय दुसरं काही करायची मुभाच नव्हती, ही गोष्ट तिने कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

"उत्तरा, बाईंना सांग," ती म्हणाली. "वर्ष झाल्यावर हिला तिथंच राहावंसं वाटलं, आणखी शिकावंसं वाटलं, तर राहू द्या. मी मागे लागेन. अण्णा आजारी आहेत म्हणून कळवेन, रडेन, शपथा घालेन. मी आई आहे, मी हे सगळं करणार, मला माहीत आहे. तरी माझं ऐकू नका. आमच्यासाठी म्हणून हिला परत पाठवू नका. तिला यायचं असेल तेव्हा येऊ दे. एवढंच द्या मला."

खाटेची चर्चा थांबली होती. अण्णांनी मान वळवली आणि ते बाल्कनीबाहेर बघू लागले.

उत्तरा आईकडे पाहत राहिली. मग बाईंकडे वळून तिने काहीतरी सांगितलं. दोन-तीन शब्दांत संपलं ते.

कुरोसेबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग वनमालाकडे, मग परत तिच्याकडे.

"माँ लंबा बोला," त्या म्हणाल्या. "तुम छोटा बोला."

"सेन्सेई..."

"फिर से. पूरा."

हा वर्गातला आवाज होता, ते वनमालालाही कळलं. उत्तरा उठून उभी राहिली, वर्गात उत्तर द्यायला उभं राहतात तशी, हात सरळ खाली सोडून. तिने सुरुवात केली. मध्येच थांबली. बाईंनी मान हलवली, पुढे. एका ठिकाणी बाईंनी तिला हळूच दुरुस्त केलं, तिने ते शब्द परत म्हटले आणि पुढे गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

वनमालाला त्यातला एक शब्दही कळला नाही. पण या वेळी ते तिच्या बोलण्याइतकंच लांब होतं, आणि ती ते संपेपर्यंत ऐकत राहिली.